नीट राहिली, आता जीवसंख्याशास्त्र घेऊ का?

ताई,
मी बार्शी तालुक्यातल्या एका खेड्यातली. बारावीला बायोलॉजी आणि मॅथ्स दोन्ही घेतले होते. नीट दोनदा दिली, पण सरकारी कॉलेजला लागतील एवढे मार्क पडले नाहीत, आणि खासगीची फी आमच्या आवाक्यातली नाही. मग बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलं आणि खरं सांगते, ते आवडायला लागलं. आता शेवटचं वर्ष आहे. आमचे सर म्हणाले, तुला दोन्हीकडचं येतं, बायोस्टॅटिस्टिक्सचा, म्हणजे जीवसंख्याशास्त्राचा, विचार कर. तेव्हापासून डोक्यात तेच आहे. मामा म्हणतात डेटा सायन्स कर, पैसा तिथे आहे. आईला वाटतं मी नीट आणखी एकदा द्यावी. वडील कशालाच नाही म्हणत नाहीत, फक्त विचारतात, "पण दवाखान्यात डॉक्टर नसलेल्या माणसाचं काम काय गं?" मला उत्तर देता येत नाही. माझं शिक्षण मराठी माध्यमातलं. इंग्रजी वाचते, पण बोलताना अडखळते. आणि एक मनातलं विचारते. हे मी आवडतं म्हणून घेतेय, की डॉक्टर होता आलं नाही म्हणून?
— एक वाचक, बार्शी तालुका

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा प्रश्न तुझ्या वडिलांचा आहे. मी या क्षेत्रात एकोणीस वर्षं आहे, आधी पुण्यातल्या एका कंपनीत आणि आता एका रुग्णालयाच्या संशोधन विभागात. माझ्या वडिलांनी हाच प्रश्न मला विचारला होता आणि मला त्यांना धड उत्तर देता आलं नव्हतं. तुझं सोपं आहे, कारण उत्तर तुमच्याच तालुक्यात आहे.

बार्शीतलं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय तू येता-जाता पाहिलं असशील. बार्शीत १९८७ पासून आसपासच्या खेड्यांतल्या कर्करोगाची नोंदवही ठेवली जाते. ग्रामीण भागातली अशी देशातली ती पहिली नोंदवही. १९९९ मध्ये हे रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, एक अभ्यास सुरू केला. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वेळेत सापडावा म्हणून एकदाच तपासणी केली तर बायकांचे मृत्यू कमी होतात का, आणि होत असतील तर कोणत्या तपासणीने, हा प्रश्न होता. तपासण्या तीन होत्या: एचपीव्ही विषाणूची, पॅप स्मिअरची (पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची), आणि ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका होत्या. गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते १३-१३ करून चार गटांत वाटले. तीन गटांना एकेक तपासणी मिळाली. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा, एवढंच. निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आले.

आता वडिलांना बसव आणि एका कागदावर लिही. एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४,१२६ बायका होत्या आणि त्यातल्या १२७ जणींना कर्करोग निघाला. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या, तिथे ११८ जणींना निघाला. ते म्हणतील, तपासलं तिथेच आजार जास्त? मग त्यांच्यासमोर भागाकार कर. दर लाखाला एकीकडे ३७२ येतात आणि दुसरीकडे ३७५. म्हणजे बरोबरीच. मग ते म्हणतील, एवढा खर्च करून तपासण्याचा उपयोग काय झाला? तेव्हा पुढची ओळ लिही. बळावलेल्या अवस्थेत सापडलेले कर्करोग: पहिल्या गटात ३९, दुसऱ्यात ८२. आणि तिसरी ओळ. या कर्करोगाने झालेले मृत्यू: पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ६४.

आजार तेवढाच होता, पण तो आधी सापडला आणि मरण जवळपास निम्म्यावर आलं. आणि आता वडिलांना सांग की हे कोणत्याही डॉक्टरला आपल्या ओपीडीत बसून दिसलं नसतं. डॉक्टरांसमोर येते ती आजारी बाई. जी मेली नाही, ती अमुक एका तपासणीमुळे मेली नाही, हे तिला स्वतःलाही कळत नाही. त्या तीसेक बायकांची नावं कोणालाच सांगता येणार नाहीत. त्या फक्त दोन गट शेजारी ठेवल्यावर, दोन्हींच्या भाजकासकट, दिसतात. त्यांना बघता येणं हे आमचं काम. दवाखान्यात डॉक्टर नसलेलं एक माणूस एवढ्यासाठी लागतं.

याच अभ्यासात पॅप आणि ॲसिटिक ॲसिडच्या गटांत मृत्यू ठामपणे सांगता येण्याइतके घटले नाहीत. मग ॲसिटिक ॲसिडची तपासणी कुचकामी म्हणायची का? टाटा मेमोरियलनेच मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांच्या अभ्यासात निम्म्या जणींवर तीच तपासणी दर दोन वर्षांनी, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांकडून करून पाहिली. बारा वर्षांनी मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी भरले, आणि २०१४ मध्ये ते छापून आलं. तपासणी तीच, पण एकदा करणं आणि पुन्हापुन्हा करणं यांची उत्तरं वेगळी. नुसतं "अमुक चाचणी चालते का" असं कोणी विचारलं की माझ्या तोंडून आधी प्रतिप्रश्नच निघतो: कोणावर, किती वेळा, कशाच्या तुलनेत?

इथपर्यंत वडिलांसाठी. आता थोडं तुझ्यासाठी, कारण हा पुढचा भाग तुला आवडतो की नाही यावर बरंच काही ठरेल. चिठ्ठ्या बायकांच्या नावाने न टाकता गावांच्या नावाने का टाकल्या? एका घरात थोरल्या जावेची तपासणी करायची आणि धाकटीला "तू दुसऱ्या गटात" म्हणून परत पाठवायचं, हे गावात चालत नाही. शिवाय बायका एकमेकींना सांगतात आणि गटांची सरमिसळ होते. म्हणून अख्खं गाव एका गटात. पण याची किंमत द्यावी लागते. एका गावातल्या बायकांचं पाणी एक, उपकेंद्र एक, लग्नाची वयंही थोडीफार सारखी. त्यामुळे पहिल्या शंभर जणींनी जेवढी नवी माहिती दिली तेवढी पुढच्या शंभर जणी देत नाहीत. तू क्लस्टर सॅम्पलिंगचा धडा शिकली आहेस, तोच हा. एका समूहात सरासरी २,५३३ बायका होत्या. त्यांच्यातलं साम्य अगदी नाममात्र आहे असं धर, समजावण्यापुरता सहसंबंध ०.००१ घे. तरीही १ + (२,५३३ − १) × ०.००१ म्हणजे साडेतीन येतात. याने भाग दिला की ३४ हजारांच्या गटाचं वजन एकेकीच्या नावाने चिठ्ठ्या टाकलेल्या जेमतेम पावणेदहा हजार बायकांइतकं उरतं. एक हजारांश एवढ्या साम्याने हे होतं! हा हिशेब सुरुवातीला कोणी केला नाही, तर दहा वर्षं गावोगाव फिरून शेवटी "काही सांगता येत नाही" असं लिहायची वेळ येते, आणि ज्या बायकांनी विश्वासाने स्वतःला तपासू दिलं त्यांचे कष्ट वाया जातात.

आणि मृत्यूंची ती ६४ ही संख्या. चौथ्या गटातल्या बायकांना तपासणी दिली नाही यावर पुढे कडक टीका झाली. मला ती टीका अनाठायी वाटत नाही. त्या काळी देशात खेड्यापाड्यांतल्या नेहमीच्या आरोग्यसेवेत अशी तपासणी होत नव्हती, हे उत्तर दिलं जातं आणि ते खरंही आहे, तरी मला त्या आकड्यावरून झटकन पुढे जाता येत नाही. गट किती मोठा हवा हे संख्याशास्त्रज्ञ सांगतो, तेव्हा तो किती जणींना थांबवून ठेवायचं हेही सांगत असतो. या कामाला बसायचं तर हे ओझं ठाऊक असू दे.

आता तुझा मनातला प्रश्न. आवडतं म्हणून, की डॉक्टर होता आलं नाही म्हणून? दोन्ही असू शकतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण डॉक्टरांच्या आसपास राहायला मिळेल एवढ्यासाठी इकडे येऊ नकोस. मी अशा मुली पाहिल्या आहेत. राउंडला जाणाऱ्या निवासी डॉक्टरांकडे त्या काचेतून बघत राहतात, बैठकीत कोणी "स्टॅटवाल्या मॅडमना विचारा" म्हणालं की त्यांना ते टोचतं, आणि पाच वर्षांनीही जखम ओलीच असते. ज्यांनी नीटचं दुःख एकदाचं रडून घेतलं आणि मग आल्या, त्या रमल्या. म्हणून स्वतःला एक प्रश्न विचार. वरचा अभ्यास वाचताना तुझं मन कुठे गेलं? त्या बाईचा हात धरून "घाबरू नका" म्हणणाऱ्या आरोग्यसेविकेकडे, की ३.५ या आकड्याकडे? पहिलीकडे गेलं असेल तर नर्सिंग आहे, सार्वजनिक आरोग्याचं पदव्युत्तर शिक्षण आहे, माणसांजवळ नेणाऱ्या कितीतरी वाटा आहेत आणि त्या कमी दर्जाच्या नाहीत. आकड्याकडे गेलं असेल, आणि वाचता वाचता तू कागद ओढून गुणाकार पडताळून पाहिला असशील, तर तुझ्या सरांनी तुला बरोबर ओळखलं आहे.

आईला सांग की शेवटच्या वर्षाबरोबर तिसरी नीट मी देऊ नको म्हणते. दोन्हीकडे अर्धं मन राहील आणि पदवीचे मार्क जातील, जे तुला पुढच्या प्रवेशाला लागणार आहेत. नीटसाठी केलेला अभ्यास मात्र फुकट गेला असं त्यांना वाटू देऊ नकोस. माझ्या वर्गातल्या बहुतेकांनी दहावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं. मला हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी यांतला फरक नोकरी लागल्यावर कळला. तुला तो आत्ताच माहीत आहे, आणि रक्ताच्या रिपोर्टमध्ये एखादा अशक्य आकडा दिसला की तुझा हात थांबेल. वय कळलं नाही म्हणून कोणीतरी ९९ लिहून ठेवलेलं असतं आणि कॉम्प्युटर मुकाट्याने त्याची सरासरी काढतो. तिथे थांबणारा हात लागतो.

काम रोज कसं असतं तेही ऐक, कारण कॉलेजात ते कोणी सांगत नाही. आकडेमोडीत दिवसाचा थोडाच वेळ जातो. जास्त वेळ जातो डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं आहे हे त्यांच्याकडून काढून घेण्यात. एमडीचे विद्यार्थी प्रबंध जमा करायच्या आठवड्यात एक्सेलची फाइल घेऊन येतात आणि म्हणतात, "मॅडम, एवढी पी व्हॅल्यू काढून द्या." नमुना किती घ्यायचा हे कोणत्यातरी जुन्या प्रबंधातलं ४पीक्यू भागिले एल वर्ग हे सूत्र उचलून ठरवलेलं असतं. ते सूत्र एखादं प्रमाण मोजायला चालतं, पण यांना दोन औषधांची तुलना करायची असते. त्यांच्यावर रागावून उपयोग नाही. ते रात्रपाळी करून आलेले असतात आणि त्यांना हे कोणी शिकवलेलं नसतं. एकदा एका तरुण डॉक्टरने आणलेल्या आकड्यांत सहा महिन्यांनी जवळजवळ सगळे रुग्ण सुधारलेले दिसत होते. तो खूश होता. मी विचारलं, सुरुवातीला आलेले बाकीचे कुठे आहेत? निम्म्याहून जास्त फिरकलेच नव्हते. ज्यांना गुण आला नाही त्यांनी दुसरा डॉक्टर गाठला होता. पुढचे दोन महिने त्याने एकेकाला फोन केले. औषध निघालं बरं, पण पहिल्या फाइलीत दिसलं तेवढं नव्हे. ते दोन महिने मला माझ्या सगळ्या नोकरीत जास्तीत जास्त समाधान देणाऱ्या दिवसांपैकी वाटतात.

कंपनीतलं काम वेगळं. औषध कंपन्यांच्या चाचण्या सांभाळणाऱ्या संस्थांना सीआरओ म्हणतात. पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरू इथे त्यांची मोठी कार्यालयं आहेत. तिथे दोन कामं शेजारी शेजारी चालतात. स्टॅटिस्टिकल प्रोग्रॅमर माहिती ठरलेल्या साच्यात बसवतो, तक्ते आणि आलेख काढतो, बहुतेक वेळा एसएएस या सॉफ्टवेअरमध्ये. बायोस्टॅटिस्टिशियन चाचणीची आखणी करतो, नमुना ठरवतो आणि विश्लेषणाचा आराखडा लिहितो. हा आराखडा, ज्याला सगळे सॅप म्हणतात, कोणाला औषध मिळालं आणि कोणाला प्लॅसिबो, म्हणजे नुसतं औषधासारखं दिसणारं काही, हे उघड होण्याआधी लिहून पक्का करावा लागतो. निकाल बघून प्रश्न बदलायची मुभा राहू नये म्हणून. मला या एका नियमाबद्दल फार आदर आहे.

पहिल्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली होती. एका तक्त्यात मी औषध गट आणि प्लॅसिबो गट यांचे कोड उलटे लावले. तक्ता सुबक दिसत होता आणि मी तो पाठवलाही असता. पण तिथे महत्त्वाचा प्रत्येक तक्ता दोन माणसं एकमेकांचं न बघता स्वतंत्रपणे काढतात आणि मग जुळवतात. माझा जुळला नाही. त्या संध्याकाळी घरी जाताना हात थरथरत होते ते आठवतं. तेव्हापासून माझा तक्ता दुसऱ्याने तपासल्याशिवाय मी कधीच पुढे जाऊ देत नाही, घाई कितीही असो. नोकरी शोधताना मुलाखतीत तू त्यांना उलट विचार, तुमच्याकडे तपासणी कशी होते? उत्तर गुळमुळीत आलं तर विचार कर.

तिसरी जागा म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयं आणि संशोधन संस्था. प्रत्येक मेडिकल कॉलेजात पीएसएम, म्हणजे प्रतिबंधात्मक आणि सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, विभागात संख्याशास्त्राच्या माणसाची जागा असते. ती बहुधा एकुलती एक असते आणि तिथे तुझ्याशी तुझ्या विषयावर बोलायला दुसरं कोणी नसतं, हे लक्षात घे. आयसीएमआरच्या संस्था, टाटा मेमोरियल, पुण्याच्या केईएमचं वढूचं ग्रामीण केंद्र, गडचिरोलीतलं सर्च, अशा ठिकाणी खरा अभ्यास जवळून बघायला मिळतो. पण प्रकल्पावरच्या जागा मुदतीच्या असतात. प्रकल्प संपला की नोकरी संपते, आणि मधे पगार लांबतोही. घरचं सगळं तुझ्या पगारावर अवलंबून असेल तर आधी काही वर्षं कंपनीत काढ आणि मग इकडे ये. मी तेच केलं आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही.

शिक्षणाबद्दल माझं मत थोडं हट्टी आहे. नावात "बायो" असलेल्या अभ्यासक्रमाच्या मागे लगेच लागू नकोस. आधी पक्कं संख्याशास्त्र शिक. रोग नंतर शिकता येतात, डॉक्टर शिकवतात. लीनियर मॉडेल्स आणि इन्फरन्स मात्र नोकरीत कोणी शिकवत नाही. त्यामुळे पहिली पसंती एमएस्सी संख्याशास्त्र: आयआयटी मुंबई किंवा कानपूर, ज्यांच्यासाठी जॅम या प्रवेशपरीक्षेतला मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर द्यावा लागतो, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेचं एमस्टॅट, ज्याची परीक्षा कठीण आहे पण देऊन बघावी, पुणे विद्यापीठाचा विभाग, जो कोल्हापूरच्या वसंत हुजूरबाजारांनी १९५३ पासून उभा केला, आणि कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, तुला खर्चाला झेपणारं. सर्व्हायव्हल ॲनालिसिस आणि क्लिनिकल ट्रायल्स हे विषय कुठे शिकवतात ते विचारून घे आणि ते सोडू नकोस.

याला माझा एक अपवाद आहे, मुंबईत देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था, जिला सगळे आयआयपीएस म्हणतात. तिथे जीवसंख्याशास्त्र आणि लोकसंख्याशास्त्र असा जोड एमएस्सी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी हीच संस्था करते. पाचव्या फेरीत त्यांनी सहा लाख छत्तीस हजारांवर घरं गाठली. औषधांपेक्षा लोकांचं आरोग्य, बाळंतपणं, कुपोषण यांत मन असेल तर तिथे जा. वेल्लोरचं सीएमसी आणि बेंगळुरूचं निम्हान्स इथले जीवसंख्याशास्त्राचे एमएस्सीही चांगले, रुग्णालयाच्या आवारातच शिकायला मिळतं, पण जागा मोजक्या.

एका गोष्टीपासून मात्र मी तुला हात धरून मागे ओढीन. पुण्यात आणि हैदराबादमध्ये "क्लिनिकल एसएएस, शंभर टक्के प्लेसमेंट" असे फलक दिसतील. वडिलांचे लाखभर रुपये तिथे भरू नकोस. एसएएस शिकण्यासाठी विद्यार्थ्यांना इंटरनेटवर फुकट मिळतं, आर हे सॉफ्टवेअर तर सगळ्यांनाच फुकट आहे. एमएस्सी झालेल्या मुलीला कंपनी ते दोन-तीन महिन्यांत शिकवते. परदेशाचंही तसंच. अमेरिकेत पीएचडीला सहसा फी माफ होते आणि वर विद्यावेतन मिळतं, नुसत्या एमएसला बहुधा नाही. जायचंच असेल तर आधी इथे एमएस्सी कर, काम कर, मग पीएचडीसाठी जा. कर्ज काढून एमएसला जाण्याची घाई नको.

मामांना वाईट वाटू देऊ नकोस, ते काळजीनेच सांगतात. डेटा सायन्समध्ये सुरुवातीचा पगार जास्त असू शकतो, हे खरं. तुला आर, पायथन आणि पक्कं संख्याशास्त्र येत असेल तर तो दरवाजा नंतरही उघडा राहतो. उलट दिशेने येणं अवघड. कोणता रुग्ण परत दाखल होईल हे ओळखणारं मॉडेल पुष्कळ जण बनवतात. काय केलं असतं तर तो परत दाखल झाला नसता, हे सांगायला कमी जण तयार असतात.

खेड्यातून आलेल्या माणसाला हे जमतं का, असं तू विचारलं नाहीस, पण ओळींमागे ते आहेच. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावात १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे लंडनला जाऊन संख्याशास्त्र शिकले. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेत रोमला त्यांनी कित्येक वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर पुण्यात येऊन पोषणावर काम केलं. एकाच माणसाची भूक आणि गरज दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरू नका, असं ते मांडत राहिले. त्यांच्याशी अनेकांनी कडाडून वाद घातला आणि मलाही त्यांचं सगळं पटत नाही. पण सरासरी हा शब्द जगभरच्या तज्ज्ञांपुढे तपासून घेणारा माणूस बुधसारख्या गावातून गेला होता.

इंग्रजीची भीती मला होती, म्हणून मी काय केलं ते सांगते. बोलण्याचा क्लास लावला नाही. रोज एका शोधनिबंधाचा सारांश वाचायचा आणि वहीत मराठीत चार गोष्टी लिहायच्या: कोणाची तुलना कोणाशी, किती जण, किती काळ, आणि काय घडलं. मराठीत लिहिता आलं नाही की समजायचं, इंग्रजी अडलं नाही, विषयच कळला नाही. वर्षभराने तेच उलट दिशेने करायला लागले. बैठकीत अजूनही मी हळू बोलते. कोणी तक्रार केलेली नाही. माझं म्हणणं दोनदा सांगावं लागत नाही.

आता दिवाळीच्या सुट्टीसाठी एक काम. कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा कोणाच्या लॅपटॉपवर आर टाकून घे. त्यात सर्व्हायव्हल नावाचं पॅकेज आहे आणि त्यात लंग नावाची माहिती, फुप्फुसाच्या कर्करोगाच्या २२८ रुग्णांची. त्यातल्या १६५ जणांचा मृत्यू नोंदलेला आहे. उरलेल्या ६३ जणांचं काय झालं, ते अभ्यास संपेपर्यंत कळलं नाही. त्यांना वगळायचं नाही आणि ते त्याच दिवशी गेले असंही धरायचं नाही. बार्शीच्या एसटी स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघणारा माणूस कंटाळून दहा चाळीसला रिक्षाने निघून गेला, तर गाडी कधी आली असती हे त्याच्याकडून कळत नाही. पण दहा चाळीसपर्यंत आली नव्हती, एवढं तो पक्कं सांगून जातो. तेवढं वापरायचं, त्यापुढचं नाही. कॅप्लन आणि मायर यांनी १९५८ मध्ये ते कसं वापरायचं हे दाखवलं. पहिल्या वीस रुग्णांचा त्यांचा आलेख आधी आलेखाच्या कागदावर हाताने काढ, पायरी पायरीने, आणि मगच कॉम्प्युटरकडून काढून घेऊन ताडून बघ. दोन्ही जुळले तर मला फोटो पाठव. जुळले नाहीत तर आधी पाठव, आपण मिळून शोधू. आणि सुरू करण्यापूर्वी स्टेटस नावाच्या रकान्यात १ म्हणजे काय आणि २ म्हणजे काय, ते वाचून घे. तिथे ० नाही.

तुझी,
ताई